‘सायकोपॅथ’, ‘सोशिओपॅथ’ आणि एक कबुलीजबाब
जन्मजात निर्दय तो सायकोपॅथ आणि परिस्थितीने घडलेला तो सोशिओपॅथ, अशी ढोबळ विभागणी रूढ आहे. अमेरिकी मनोविकार-वर्गीकरणात यांपैकी एकही स्वतंत्र निदान नाही; १९८० पासून तिथे ‘समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार’ आहे. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खून प्रकरणात (१९७६-७७) जक्कलला पहिले आणि मुनव्वर शाहला दुसरे नाव देणे सोपे आहे. मात्र मुनव्वरने तुरुंगात लिहिलेले ‘येस, आय अॅम गिल्टी’ ही सोय मोडते. फाशीच्या सावलीतला पश्चात्ताप किती खरा, ही शंका राहतेच. पण तो खरा मानला, तर प्रश्न अधिक अवघड होतो : सद्सद्विवेक असलेला माणूस दहा खून होईपर्यंत मित्रांसोबत राहिलाच कसा? याचे उत्तर दोन्ही शब्दांत नाही.

(टेंभुर्णी, जि. सोलापूर)