एक रुग्ण बरा झाला, पुढे?

स्टेफनी स्ट्रॅथडी व टॉम पॅटरसन या दांपत्याचे ‘द परफेक्ट प्रिडेटर’ (२०१९) हे पुस्तक एका बैठकीत वाचून होते. २०१५ साली इजिप्तच्या सहलीत पॅटरसन आजारी पडले. त्यांच्या पोटातील ॲसिनेटोबॅक्टर बाऊमानी हा जीवाणू हळूहळू सर्व प्रतिजैविकांना दाद देईनासा झाला. मार्च २०१६ मध्ये सॅन डिएगो येथे त्यांना जीवाणुभक्षक विषाणू, म्हणजे फाज, देण्यात आले आणि ते वाचले. सांडपाण्यातून नेमका फाज हुडकणे, जीवाणू फुटल्यावर उरणारे अंतर्विष काढून तो शुद्ध करणे, हा भाग वर्गात वाचून दाखवावा इतका चांगला उतरला आहे.

मात्र कथेच्या वेगात एक प्रश्न मागे पडतो. फाजच्या जोडीला मिनोसायक्लिन हे प्रतिजैविकही दिले गेले होते. मग गुण कोणाचा? तुलनेसाठी दुसरा रुग्ण नाही. शिवाय काही दिवसांतच जीवाणू पहिल्या फाजांनाही पुरून उरला व नवे शोधावे लागले. (माझ्या मते पुस्तकातील सर्वांत बोधप्रद घटना हीच!) लेखिका स्वतः साथरोगतज्ज्ञ आहेत, त्यांच्याकडून येथे अधिक थांबण्याची अपेक्षा होती.

विद्यार्थ्यांना हे पुस्तक देताना सोबत २०१९ चीच ‘फॅगोबर्न’ चाचणीही सांगावी. फ्रान्स-बेल्जियममधील भाजलेल्या २७ रुग्णांच्या या तुलनेत फाज नेहमीच्या मलमापेक्षा मंद ठरले. कारण तपासता कळले, की तयार द्रावणातील फाजची संख्या रुग्णापर्यंत पोचेतो कित्येक हजार पटींनी घटली होती.