बालकाच्या वतीने बोलावे कोणी?

काही ग्रंथांचे सिद्धांत मान्य होत नाहीत, परंतु ते ग्रंथ वाचून बाजूस ठेविताही येत नाहीत. हेल्गा कूझ व पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियातील तत्त्वज्ञांनी लिहिलेला, १९८५ साली प्रसिद्ध झालेला ‘शुड द बेबी लिव्ह?’ हा ग्रंथ त्यांपैकी होय. जबर व्यंग घेऊन जन्मलेल्या अर्भकास जगविण्याची पराकाष्ठा करावी काय, हा त्याचा विषय. ग्रंथास चाळीस वर्षे होऊन गेली. प्रश्न मात्र शिळा झालेला नाही.

ग्रंथकारांचे म्हणणे थोडक्यात असे. जगण्याचा हक्क स्वतःच्या अस्तित्वाच्या जाणिवेतून उत्पन्न होतो. नवजात बालकास ती जाणीव नसते. म्हणून त्याच्या जीविताचा निर्णय आईबापांनी वैद्यांच्या सल्ल्याने करावा, व त्यासाठी जन्मानंतर २८ दिवसांची मुदत असावी. मरू देणे आणि मारणे यांत मोठे नैतिक अंतर आहे, हेही त्यांना मान्य नाही. या दुसऱ्या मुद्द्यात त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. इंग्लंडात आईबापांनी नाकारलेल्या एका अर्भकास डॉ. लेनर्ड आर्थर यांनी केवळ शुश्रूषा व गुंगीचे औषध यांवर ठेविले. ते दगावले, आणि १९८१ साली पंचांनी डॉक्टरांस निर्दोष ठरविले. अशा वेळी ‘आम्ही काहीच केले नाही’ असे म्हणून मनाचे समाधान करून घेणाऱ्यांचा बुरखा या ग्रंथाने फाडला आहे.

परंतु पहिला मुद्दा टिकत नाही. अमुक जीवन जगण्यास अपात्र, हे बाहेरच्याने कशावरून ठरवावे? अमेरिकेतील हॅरिएट मॅक्ब्राइड जॉन्सन या जन्मतः स्नायुविकाराने ग्रस्त असलेल्या वकील बाईंनी २००२ साली प्रिन्स्टन येथे सिंगर यांच्याशी समोरासमोर वाद केला. व्यंगावरून आयुष्यातील सुखाचे माप काढता येत नाही, हे त्यांचे प्रतिपादन होते. आणि त्यांचे आयुष्य हाच त्याचा सर्वांत मोठा पुरावा होता.

आपल्याकडे हा प्रश्न जन्मापूर्वीच न्यायासनापुढे आला. २००८ साली मुंबईच्या एका दांपत्याने व डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात अर्ज केला. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष आढळला होता, परंतु कायद्याची वीस आठवड्यांची मर्यादा उलटून गेली होती. मूल खात्रीने गंभीर व्यंगाचे होईल असे तज्ज्ञांनी निश्चयाने सांगितले नाही, आणि न्यायालयाने परवानगी नाकारली. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो गर्भ आपोआप पडला. पुढे २०२१ साली कायदा बदलला; गर्भात गंभीर व्यंग असल्याचा निर्वाळा वैद्यकीय मंडळाने दिल्यास आता आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. निर्णय कायद्याला धरून होता, हे खरे. तथापि मूल जन्मले असते तर त्याच्या आजाराचा भार त्या आईबापांबरोबर आणखी कोण उचलणार होते, या प्रश्नाचे उत्तर त्या वेळच्या वादात कोणापाशी होते?

मोठ्यांच्या बाबतीत आपल्या कायद्याने मार्ग काढला आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान माणसास आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याची मुभा दिली. अर्भकास मात्र इच्छापत्र नाही. त्याने कधी काही इच्छिलेलेच नसते. येथे अरुणा शानबाग यांचे प्रकरण स्मरते. २०११ साली त्याच न्यायालयाने, अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार अर्जदार लेखिकेस न देता, त्यांची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या के. ई. एम. रुग्णालयाच्या परिचारिकादी सेवकवर्गास दिला. त्यातील तत्त्व आम्हांस मोलाचे वाटते. मूक जिवाचे हित त्यास आपल्या हातांनी सांभाळणारा जाणतो. त्याच्या जाणिवांची मोजदाद करणारा नव्हे.

आणि ग्रंथाची सर्वांत मोठी उणीव येथेच आहे. त्यातील आईबाप विचार करून निर्णय घेतात. करंजाड्यास भाड्याच्या खोलीत राहणारा रोजंदारीचा बाप अतिदक्षता विभागाचे बिल पाहून, ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध’ या शब्दांखाली सही करतो आणि मूल घरी नेतो. तेथे नीतिशास्त्राचा प्रश्न पैशाच्या पिशवीने सोडविलेला असतो; नोंद मात्र बापाच्या इच्छेची होते. पुष्कळदा त्या मुलास वेदनाशामक औषधही लाभत नाही. हा निर्णय स्वतंत्र म्हणावा काय?

आमचे मत असे. जेथे उपचार केवळ मरण लांबवितात, तेथे ते थांबवून वेदना शमविणे हेच दयेचे होय. त्यात लपविण्यासारखे काही नाही. परंतु जेथे मूल जगू शकते, तेथे त्याचे व्यंग हे त्यास सोडून देण्याचे कारण होऊ शकत नाही. आणि ज्या समाजाने उपचाराचा व संगोपनाचा आपला वाटा उचलला नाही, त्यास आईबापांचा न्याय करण्याचा अधिकार नाही. ग्रंथ जरूर वाचावा. त्याच्या मथळ्यातील प्रश्न मात्र वाचकाने थोडा बदलून स्वतःस विचारावा: हे मूल जगावे म्हणून आपण काय केले?