सरकवलेल्या तारखा

रॉक संगीतकारांवरच्या चरित्रपटांची चर्चा बहुधा ‘यात खरे किती, खोटे किती’ या हिशेबावर थांबते. हा हिशेब मला अपुरा वाटतो. दोन-सव्वादोन तासांत आयुष्य बसवायचे तर काटछाट होणारच. विचारायला हवे ते हे की, तारखा हलवल्या तर कोणाच्या सोयीने हलवल्या?

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ (२०१८) घ्या. फ्रेडी मर्क्युरी आणि ‘क्वीन’ यांच्यावरच्या या चित्रपटाला चार ऑस्कर मिळाली. त्याची मांडणी अशी : फ्रेडी स्वतंत्र अल्बमचा करार करतो, बँड फुटतो, तो वाईट संगतीत भरकटतो, मग परत येऊन सोबत्यांची माफी मागतो, तालमीत आपल्याला एड्स असल्याचे सांगतो, आणि १३ जुलै १९८५ला वेम्बलीवर ‘लाइव्ह एड’मध्ये सारे पुन्हा एकत्र उभे राहतात.

प्रत्यक्षात बँड फुटला नव्हता. ‘द वर्क्स’ हा त्यांचा अल्बम १९८४चा. त्याचा दौरा मे १९८५पर्यंत चालू होता. स्वतंत्र अल्बम फ्रेडीच्या आधी, १९८१मध्ये, ड्रमवादक रॉजर टेलरने काढला होता. आणि फ्रेडीच्या आजाराचे निदान सर्वसाधारणपणे १९८७चे मानले जाते.

हे तिन्ही बदल एकाच दिशेने जातात : फ्रेडी अपराधी, बाकीचे क्षमाशील. टेलर आणि गिटारवादक ब्रायन मे चित्रपटाच्या निर्मितीत सहभागी होते. त्यांनी काही कट केला असे मी म्हणत नाही. पण मागे उरतो त्याच्याच हाती गोष्ट सांगणे येते, हे विसरता येत नाही.

यातला तिसरा बदल मला सर्वांत गंभीर वाटतो. निदान दोन वर्षे अलीकडे ओढल्यामुळे आजार हा भरकटण्याचा दंड ठरतो. ‘करावे तसे भरावे’ हेच तर ऐंशीच्या दशकात एड्स झालेल्या समलिंगी पुरुषांना ऐकवले जात होते. चित्रपट ते उघड बोलत नाही, घटनांच्या क्रमातून बोलतो. शेवटच्या मैफलीत रामी मलेकने अप्रतिम काम केले आहे; तिथे माझेही डोळे भरून आले. पण त्या अश्रूंमागे एक चुकीची तारीख आहे, हे कळल्यावर अस्वस्थ व्हायला होते.

जे गाळले, तेही बोलके आहे. झांझिबारला १९४६मध्ये जन्मलेला फारुख बलसारा हा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढला. त्याचा पहिला बँड, ‘द हेक्टिक्स’, तिथलाच. या वर्षांचे एकही दृश्य चित्रपटात नाही.

उलट टॉड हेन्सच्या ‘आय ॲम नॉट देअर’मध्ये (२००७) बॉब डिलनची रूपे सहा कलावंत साकारतात. तो कल्पित आहे हे पहिल्या काही मिनिटांतच कळते, म्हणून फसगत होत नाही. चरित्रपटाला कल्पनेचा अधिकार आहेच. मात्र कल्पना नोंदीचा वेश घेऊन आली, तर मृताला खुलासा करता येत नाही. ते काम मग अभ्यासकावर येते.