परत जातां न आलेलें उपाहारगृह

आवडत्या उपाहारगृहांत बऱ्याच वर्षांनीं जेवावयास गेलें म्हणजे मनुष्य सहसा एक तक्रार घेऊनच परततो: रस्सा पूर्वीचा राहिला नाहीं! परंतु ही तक्रार करावयासही परत जातां आलें पाहिजे. व्हिएतनामी लेखक व्हू बांग (१९१३-१९८४) यांच्या वांट्यास तें भाग्य आलें नाहीं. १९५४ सालीं देश दुभंगला; ते दक्षिणेंत सायगांवास गेले, पत्नी उत्तरेंत हानोईसच राहिली. ‘हानोईचे चविष्ट घास’ अशा अर्थाच्या नांवाचा त्यांचा निबंधसंग्रह हानोईंत लिहावयास घेतलेला, पण सायगांवांत पुरा झालेला. तो १९६० सालीं प्रसिद्ध झाला.

त्यांत तांदळाच्या शेवयांच्या व हाडांच्या रश्शाच्या ‘फो’ला मानाचें स्थान आहे. फो पुढें सायगांवांतही लोकप्रिय झाला. मात्र तेथें त्यांत मुगाचे मोड, तुळशीच्या जातीचीं पानें व गोडसर चटणी आली. पदार्थ मिळाला, पण ती जागा मिळाली नाहीं.

विरही माणसाची साक्ष पक्षपाती असते, असा आक्षेप कोणी घेईल, व तो अगदींच खोटा नाहीं. परंतु ह्या पक्षपातानें लेखन भोंगळ न होतां नेमकें झालें आहे. जो घास पुन्हां तोंडीं लागणार नाहीं, तो शब्दांतच जपावा लागतो. म्हणून रस्सा बदलल्याची तक्रार ओठांवर आली, तर वाचकांनीं ह्या ग्रंथाचें अवश्य स्मरण करावें. तक्रार करावयास आपण निदान त्या मेजापाशीं पोंचलों तरी!