काचेवरचे दार

फ्रिडा काहलोचे नाव निघाले की १९२५ चा बस-अपघात, दिएगो रिव्हेराशी झालेले लग्न आणि वेदना या तीन गोष्टी पाठोपाठ येतात. आमची तक्रार एवढीच, की या गर्दीत एक सहा वर्षांची मुलगी हरवते.

फ्रिडा १९०७ साली मेक्सिकोतील कोयोआकान येथे जन्मली. सहाव्या वर्षी तिला पोलिओ झाला. जवळजवळ नऊ महिने ती अंथरुणावर होती. उजवा पाय कायमचा बारीक राहिला. वडील छायाचित्रकार आणि स्वतः अपस्माराचे रुग्ण. त्यांनी तिला पोहायला, फुटबॉल खेळायला लावले. बरोबरीची मुले मात्र तिला लाकडी पायाची म्हणून चिडवत. माणसाला पहिली ओळख बहुधा दुसरेच देतात, आणि ती पुसायला आयुष्य पुरत नाही.

१९५० च्या सुमारास फ्रिडाने रोजनिशीत एक आठवण लिहिली. खिडकीच्या काचेवर ती तोंडाने वाफ धरी, बोटाने दार काढी आणि त्या दारातून मनाने बाहेर पडे. एका दुग्धालयाच्या पाटीवरील ‘ओ’ या अक्षरातून ती जमिनीच्या पोटात उतरे. तिथे एक मैत्रीण वाट पाही. ती वजन नसल्यासारखी नाचे. फ्रिडा तिला आपली गुपिते सांगे. परतल्यावर ती हाताने दार पुसून टाकी. आपल्या ‘दोन फ्रिडा’ या चित्राचे मूळ ती इथे सांगते.

१९३९ च्या या चित्राकडे बहुतेक समीक्षक त्याच वर्षीच्या घटस्फोटाच्या अंगाने पाहतात. ते चूक नाही, पण अपुरे आहे. एक फ्रिडा युरोपीय धाटणीच्या पांढऱ्या झग्यात, दुसरी तेहुआना पोशाखात. दोघींची हृदये उघडी, एकाच रक्तवाहिनीने जोडलेली. तेहुआना फ्रिडाच्या हातात दिएगोची छोटी तसबीर आहे, तीही त्याच्या बालपणाची! आम्हाला अधिक बोलके वाटतात ते जमिनीपर्यंत आलेले घेर. काचेपलीकडची मैत्रीण नाचत होती. इथे दोघीही बसल्या आहेत. पाय कुणाचेच दिसत नाहीत.

अर्थात, ही आठवण घटनेनंतर सुमारे ३७ वर्षांनी लिहिलेली. प्रौढ फ्रिडाने तिला आकार दिला असणारच. तरीही चित्रांची साक्ष तिच्या बाजूने आहे. १९३८ च्या एका तळहाताएवढ्या चित्रात उजाड माळावर एक छोटी मुलगी कवटीचा मुखवटा घालून उभी आहे. हातात पिवळे फूल. मेक्सिकोत मृतांच्या दिवशी वाहतात तसला झेंडू. आपल्या दारी तोरणात येणारा झेंडू मूळचा तिकडचाच. त्या मुलीचा चेहरा आपल्याला दिसत नाही. लोक पाहतात तो मुखवटा. आतून ती काय पाहते, हे तिलाच ठाऊक.

‘तुम्ही नेमके कुठले, कोणते?’ हा प्रश्न आपल्या वाचकांना नवा नाही. मराठीत लिहायचे म्हटले की तो आपल्यालाही विचारला जातो, आणि उत्तर एकाच शब्दात हवे असते. फ्रिडाने दोघींपैकी एक निवडली नाही. तिने दोघींना एका बाकावर बसवले आणि हातात हात दिला. तिचा उजवा पाय १९५३ साली गुडघ्याखाली कापावा लागला. पुढच्या वर्षी ती गेली. काचेवरचे दार तर ती रोजच पुसत असे. कॅनव्हासवरचे मात्र तिने उघडे ठेवले.