भैरवीचा सा संगणकाला कधी कळणार?

सोलापुरात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणाऱ्याच्या वाट्याला एका रात्रीत काय काय येतं? मराठी भावगीत, हिंदी फर्माइशी, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक श्रोत्यांसाठी तेलुगू सिनेमाची गाणी, मधेच एखादं कन्नड भक्तिगीत, आणि लावणी तर हवीच. तेलुगू गाणं इळैयराजांचं असेल तर कॉर्ड झपाझप बदलतात आणि खाली बेस स्वतःची वाट चालतो. लावणीत मात्र सगळा डोलारा एका सावर उभा असतो. कॉर्ड सुचवणारी सॉफ्टवेअर आता या वादकाच्या लॅपटॉपवर आणि फोनवर आली आहेत. त्यांची पारख इथे करावी असं मला वाटतं, कारण इथे दोन्ही टोकं एकाच माणसाला सांभाळावी लागतात.

या साधनांचा प्रवास तसा लहानच. कॅनडातल्या पीजी म्युझिकचं बँड-इन-अ-बॉक्स १९९०चं. त्यात कॉर्ड आपण लिहायच्या, मग संगणक साथीचे वादक पुरवणार. क्यूबेसमध्ये २०१२ साली कॉर्ड ट्रॅक आला आणि पुढची कॉर्ड कोणती घ्यावी याचा सल्ला स्टुडिओतल्या मुख्य सॉफ्टवेअरमध्येच मिळू लागला. स्केलर, कॅप्टन कॉर्ड्स आणि हुकपॅड यांचा तर सल्ला हाच मुख्य धंदा. २०२४ मध्ये लॉजिक प्रोनेही कॉर्ड ट्रॅक दिला, आणि त्याबरहुकूम वाजवणारे कृत्रिम साथीदारही. कॉर्डिफाय उलट्या बाजूने येतं: गाणं ऐकवा, ते कॉर्ड काढून देतं. ऑर्केस्ट्रावाल्यांना हाच प्रकार जास्त सोयीचा, कारण फर्माईश उद्याची असते आणि तालमीला वेळ नसतो.

मेजर-मायनरच्या घरातलं गाणं असेल तर ही साधनं खरोखर चांगली आहेत, हे आधी मोकळेपणाने म्हणतो. ज्याला पियानो शिकायला गुरू मिळाला नाही, त्या मुलाला स्केलर एका संध्याकाळी कॉर्डची उलटापालट कानाने समजावून देतं. हुकपॅडमागे हजारो गाण्यांचं विश्लेषण आहे. एका कॉर्डनंतर बहुतेक गाणी कुठे जातात हे त्यातून दिसतं. ही माहिती पूर्वी फक्त मोठ्या अरेंजरच्या बोटांत असायची. मुंबईच्या सिनेसंगीतात सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोव्याच्या मंडळींनी ती आणली. लहान गावातल्या वादकापर्यंत ती पोचायची ती रेकॉर्ड ऐकून ऐकूनच.

घोडं अडतं ते भैरवीपाशी. पांढरी एकच्या (सी) पट्टीत भैरवीची साधी चाल सॉफ्टवेअरला द्या. रिषभ, गंधार, धैवत, निषाद कोमल. हेच सात स्वर ए फ्लॅट मेजरचेही आहेत, म्हणून ते बिनदिक्कत सांगतं की गाणं ए फ्लॅट मेजरमध्ये आहे. म्हणजे त्याच्या लेखी घर कोमल धैवतावर, आणि आपला सा तिसऱ्या पायरीवरचा पाहुणा. मग सल्लाही तसाच येतो: कोमल रिषभाची मेजर, कोमल गंधाराची मेजर, आणि मुक्काम धैवतावर. ऐकायला गोड, पण मुखड्याची सम उघडी पडते. जाणता वादक तिथे कोमल रिषभाच्या मेजरवरून थेट साच्या मायनरवर उतरतो, किंवा कोमल निषादाच्या मायनरवरून. तेवढ्याने गाणं घरी येतं. यमनचं तसंच. तीव्र मध्यम ऐकला की सॉफ्टवेअर पंचमाला घर मानतं आणि प्रत्येक ओळ तिकडे ओढत नेतं. तोडीत तर अर्ध्या स्वरांवर धड मेजर होत नाही, धड मायनर होत नाही. शुद्ध निषादावर मात्र ठणठणीत मेजर कॉर्ड बनते. तिचे तिन्ही स्वर रागातलेच, पण गाण्याखाली ती धरली की साचा पायाच निसटतो.

हा दोष कुणाच्या हलगर्जीपणाचा नाही, तो मुळातला आहे. पट्टी ओळखण्याच्या गणिताचा एक मोठा आधार म्हणजे कॅरल क्रमहॅन्सल आणि एडवर्ड केसलर यांचे १९८२चे प्रयोग, आणि त्यातले साचे दोनच: मेजर आणि मायनर. बारा अधिक बारा, एकूण चोवीस घरं. गंमत म्हणजे दोनच वर्षांनी, १९८४ मध्ये, क्रमहॅन्सल यांनीच मेरी कॅस्टेलानो आणि जमशेद भरुचा यांच्याबरोबर उत्तर हिंदुस्थानी रागांवर तसाच अभ्यास केला. तो ग्रंथालयात राहिला, बाजारातल्या साधनांत उतरला नाही. पुढे बार्सिलोनाच्या झेवियर सेर्रा यांनी २०११ पासून कॉम्पम्युझिक प्रकल्प चालवला. आयआयटी मुंबईच्या प्रीती राव यांच्यासारख्या संशोधकांचा त्यात वाटा होता. गाणं ऐकून गायकाचा सा शोधणारी पद्धत त्या कामातून तयार झाली. म्हणजे विद्या आहे. कॉर्ड सुचवणाऱ्यांनी ती मागितलेली नाही.

आपल्याकडे कॉर्ड दुय्यम राहिली याला एक अगदी हाताचं कारणही आहे. युरोपातून आलेली पेटी पायाने चालायची, दोन्ही हात मोकळे असायचे. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी हातभात्याची पेटी घडवली आणि डावा हात भात्यावर गेला. उरलेल्या एका हाताने गायकाच्या मागे मागे जायचं, हीच साथ ठरली. कीबोर्डने तो डावा हात परत दिला, पण त्या हाताने काय करायचं याची आपली परंपराच तयार नव्हती, म्हणून बाहेरचा सल्ला जसाच्या तसा घेतला गेला. अकलूजच्या लावणी स्पर्धांचा आणि मोडनिंबच्या संगीत बारीचा हा सोलापूर जिल्हा, शाहीर राम जोशींचं हे गाव. इथल्या चालीखाली चार मात्रांना चार कॉर्ड ठोकलेल्या ऐकल्या की मला वाईट वाटतं. ढोलकीचा बोल बुजतो, आणि अदाकारीसाठी सोडलेली जागा भरून जाते. करमाळ्याच्या मातीतल्या ‘सैराट’साठी (२०१६) अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या सोनी स्टेजवर सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, तिथेही, माझ्या कानाला तरी, चाल आपल्या जागेवरून हलत नाही. कॉर्ड तिच्याभोवती जमतात.

चांगल्या साधनाने आधी विचारावं: सा कोणता? काळी चार की पांढरी पाच, ते वादक सांगेल. मग तानपुरा चालू ठेवून त्यावर न खटकणाऱ्या कॉर्डच पुढे कराव्यात. बदल मात्रेला नाही, आवर्तनाला सुचवावा. भैरवीच्या मुरकीत क्षणभर शुद्ध रिषभ लागला म्हणून पट्टी बदलू नये. आणि इथे कॉर्ड नको, नुसता षड्ज-पंचम धर, असंही त्याला म्हणता यावं. हे शेवटचं, माझ्या माहितीत तरी, एकही साधन स्वतःहून सुचवत नाही.

यासाठी लागणारी सामग्री परदेशात शोधायला नको. ऑर्केस्ट्रातल्या जुन्या कीबोर्डवाल्यांच्या वह्यांत ती आहे: वर गायकाची पट्टी, खाली मुखड्याचे शब्द, शब्दांच्या डोक्यावर कॉर्ड, आणि जिथे काहीच वाजवायचं नाही तिथे एक आडवी रेघ.