डार्विनची झाकलेली फुले

डार्विन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बीगल जहाज, गालापागोस बेटे आणि उत्क्रांतिवाद उभा राहतो. परंतु याच डार्विनने डाउन या खेड्यातील आपल्या घरी, बागेत आणि काचघरात, तब्बल अकरा वर्षे एक साधा वाटणारा प्रश्न तपासला. फुलाला त्याच झाडाचा पराग दिला किंवा दुसऱ्या झाडाचा दिला, तर पुढच्या पिढीत काय फरक पडतो? त्याचे उत्तर १८७६ साली ‘द इफेक्ट्स ऑफ क्रॉस अँड सेल्फ फर्टिलायझेशन इन द व्हेजिटेबल किंगडम’ या ग्रंथात प्रसिद्ध झाले. पानोपानी कोष्टके असलेला हा ग्रंथ वाचायला कंटाळवाणा आहे. तरीही विज्ञानाच्या शिक्षकाने तो एकदा तरी चाळावा असे मला वाटते. त्यात काय साधले आहे हे पाहण्यासाठी तर खरेच, पण काय निसटले आहे हे पाहण्यासाठी अधिक.

या कामाची सुरुवात योगायोगाने झाली. आनुवंशिकतेच्या दुसऱ्याच एका प्रश्नासाठी डार्विनने लिनारिया या फुलझाडाचे दोन वाफे शेजारी शेजारी लावले होते. एकात स्वपरागणाच्या बियांची रोपे होती, दुसऱ्यात परपरागणाच्या. परपरागणाची रोपे उघडच अधिक उंच आणि जोमदार दिसली. एवढ्या एका निरीक्षणावर न थांबता त्याने सुमारे ५७ जातींवर प्रयोग केले. कीटक येऊ नयेत म्हणून झाडांवर जाळी घालायची, काही फुलांना त्याच झाडाचा आणि काहींना दुसऱ्या झाडाचा पराग हाताने लावायचा, आणि मिळालेल्या बिया एकाच वेळी रुजवून एकाच कुंडीत समोरासमोर जोडीने लावायच्या. माती तीच, पाणी तेच, ऊन तेच. आज ज्याला आपण नियंत्रित प्रयोग म्हणतो त्याचा हा उत्तम वस्तुपाठ आहे.

गारवेलीच्या एका जातीवर त्याने हा प्रयोग सलग दहा पिढ्या केला. परपरागणाच्या वेलींची उंची १०० धरली, तर स्वपरागणाच्या वेलींची सरासरी ७७ भरली. सहाव्या पिढीत मात्र स्वपरागणाची एक वेल आपल्या जोडीदारणीच्या पुढे गेली. ती सिद्धान्ताच्या आड येत होती, पण डार्विनने तिला वगळले नाही. उलट तिला ‘हीरो’ असे नाव देऊन तिची संततीही वाढवून पाहिली आणि ती संततीही जोमदार निघाल्याचे नोंदवले. वाटाण्याच्या एका प्रयोगात तर गणित उलटेच आले. परपरागणाची रोपे १००, तर स्वपरागणाची ११५! हेही त्याने जसेच्या तसे छापले. ‘उत्तर चुकले’ म्हणून वहीतील आकडे खोडणाऱ्या विद्यार्थ्यांना ही पाने अवश्य दाखवावीत.

आता उणिवांकडे वळू. पहिली उणीव आकड्यांची. मक्याच्या प्रयोगात रोपांच्या जोड्या होत्या अवघ्या १५. त्यांपैकी १३ जोड्यांत परपरागणाचे रोप उंच, दोनांत स्वपरागणाचे. डार्विनने हे आकडे आपला मावसभाऊ नव्हे, तर आतेमामे नात्यातील गणिती वृत्तीचा आप्त फ्रान्सिस गाल्टन याच्याकडे तपासायला दिले. गाल्टनने दोन्ही गटांतील रोपे उंचीच्या क्रमाने मांडली. त्यामुळे मूळच्या जोड्या मोडल्या आणि एका कुंडीत दोघांना वाढवण्याचा सारा फायदाच हरवला. १९३५ साली रोनाल्ड फिशरने ‘द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’ या पुस्तकात हेच आकडे जोडीजोडीने तपासले. केवळ योगायोगाने एवढा फरक पडण्याची शक्यता वीसात एक या रूढ मर्यादेच्या जेमतेम आत आली. डार्विनचा निष्कर्ष टिकला, पण काठावर.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. काही झाडे स्वतःचा पराग मुळीच स्वीकारत नाहीत, हे डार्विनला चांगले ठाऊक होते. यालाच आज आपण स्व-असंगतता म्हणतो. कॅलिफोर्नियाची पॉपी ब्राझीलमध्ये स्वतःच्या परागाने बी धरत नसे, इंग्लंडमध्ये मात्र थोडेफार धरी. यावरून डार्विनचा कल असा झाला की स्व-असंगतता हा मुख्यतः परिस्थितीचा आनुषंगिक परिणाम असावा. हे सर्वस्वी चूक नव्हते. तापमानासारख्या गोष्टींनी हा अडसर सैल होतो, हे आजही दिसते. पण मिन्योनेट या सुगंधी फुलझाडाचे त्याचेच निरीक्षण काही वेगळे सांगत होते. एकाच बागेतील काही झाडे स्वतःच्या परागाने बी धरत, काही अजिबात धरत नसत. परिस्थिती एकच असताना शेजारची दोन झाडे वेगळी का वागतात? हा प्रश्न आनुवंशिकतेचा होता. उत्तर मात्र त्याच्या हाती आले नाही, कारण गुण ठरवणारे घटक सुटे सुटे असतात आणि ते मोजता येतात, ही कल्पनाच त्याच्यापाशी नव्हती. मेंडेलचा निबंध १८६६ सालीच प्रसिद्ध झाला होता, तोही वाटाण्यावरचा! १९१२ साली कॉम्प्टनने त्याच मिन्योनेटमध्ये दाखवले की स्वतःचा पराग चालणे हा गुण प्रभावी आणि न चालणे हा अप्रभावी गुण म्हणून वारशाने उतरतो.

१९२५ साली ईस्ट आणि मँगल्सडॉर्फ यांनी तंबाखूच्या वर्गातील झाडांत हे कोडे आणखी उलगडले. तेथे ‘एस’ नावाच्या जनुकाची अनेक रूपे असतात. परागकणात त्यांपैकी एकच रूप असते, स्त्रीकेसरात दोन. परागातले रूप स्त्रीकेसरातल्या एखाद्या रूपाशी जुळले, की परागनलिका कुक्षीवृंतातच खुंटते. म्हणजे स्त्रीकेसर एस१-एस२ आणि पराग एस१-एस३ या झाडाचा असेल, तर निम्मे कण वाया जातात, एस३ वाले तेवढे बीजांडापर्यंत पोचतात. संतती कोणती होईल, हे विद्यार्थी फळ्यावर मांडू शकतील: एस१-एस३ आणि एस२-एस३. आईसारखे एस१-एस२ एकही नाही. तंबाखूच्या कुळात स्त्रीकेसरातील एक विकर परागनलिकेतील आरएनए तोडते, हे पुढे १९८०च्या दशकात समजले. कोबी-मोहरीच्या कुळात हीच ओळखपरेड कुक्षीच्या पृष्ठभागावर होते आणि तिची प्रथिने अगदी वेगळी आहेत. निसर्गाने एकाच कामासाठी निरनिराळी कुलुपे घडवली आहेत.

हे सारे पिकांच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. दशहरी, लंगडा आणि चौसा या उत्तर भारतातील आंब्यांना स्वतःचा पराग चालत नाही. कलमांची बाग म्हणजे जनुकांच्या दृष्टीने एकाच झाडाच्या अनेक प्रती. शंभर झाडे असली तरी पराग एकाच झाडाचा! मोहोर भरपूर आणि फळ कमी, यामागे हेही एक कारण असू शकते. म्हणून अशा बागेत मधून मधून दुसऱ्या जातीची झाडे हवीत. शेजारचे झाड ‘दुसरे’ आहे की नाही, हे डोळ्यांना नव्हे, जनुकांना विचारावे लागते.

आपल्या वर्गात मात्र बहुधा एवढेच सांगितले जाते की ‘निसर्गाला स्वपरागण आवडत नाही’. मग भात, गहू आणि वाटाणा पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागणावर कसे चालतात? असे वाक्य प्रश्न सोडवत नाही, तो विचारण्याची गरजच संपवते. डार्विनने अडचणीच्या नोंदी झाकल्या नाहीत, म्हणून पुढच्यांना त्याची चूक त्याच्याच कोष्टकांत सापडली. स्पष्टीकरण कालबाह्य झाले, निरीक्षण उरले.

आपल्या डोंगराळ भागात पावसाळ्याच्या अखेरीस कारळे फुलते. त्यालाही स्वतःचा पराग चालत नाही, मधमाश्यांवाचून त्याचे अडते. पाच-सहा झाडे निवडून प्रत्येकावर काही बोंडे उमलण्यापूर्वीच मलमलीच्या पिशव्यांत बांधा. काही तशीच ठेवा. काहींवर त्याच झाडाचे आणि काहींवर दुसऱ्या झाडाचे फूल तीन-चार दिवस रोज हलके घासा, आणि लगेच पिशवी पुन्हा बांधा. शेवटी भरलेल्या बिया मोजा. प्रत्येक झाडाचा आकडा वेगळा लिहा, घाईने सरासरी काढू नका. एखादे झाड अपेक्षेविरुद्ध वागले, तर त्याला नाव द्या आणि त्याचे बी पुढच्या वर्षासाठी जपून ठेवा.